डोक्यावरचं लेणं

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत, दाराशेजारच्या भिंतीवर एक अप्सरा आहे. जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत ती पाहिलेली असते; निदान तिच्यासमोरून रांगेत पुढे सरकलेले असतात. गाईड टॉर्चचा उजेड तिच्या गळ्यातल्या हारावर टाकतो आणि हार खराच हलल्याचा भास होतो. लोक ‘वा’ म्हणतात आणि पुढच्या भिंतीकडे वळतात. माझी विनंती अशी की, पुढच्या वेळी तिथे जाल तेव्हा हार बघून झाल्यावर नजर वर न्या आणि तिच्या डोक्यावर काय आहे ते सावकाश बघा.

तिने नक्षीच्या कापडाचा फेटा बांधलेला आहे. मुकुट नव्हे, फेटा. कापड केसांभोवती गुंडाळलंय, रत्नांच्या पट्टीने आवळलंय, वरून मोत्यांचे सर घेतलेत आणि त्यांची टोकं मोकळी सोडलीत. अप्सरा आकाशातून चाललेली आहे. पण अजिंठ्याचे चित्रकार उडणाऱ्यांना पंख देत नाहीत. मग ती उडते आहे हे दाखवायचं कशाने? चेहरा तर शांत हवा, कारण ती बुद्धाच्या दर्शनाला निघाली आहे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान किंचित कललेली. चित्रकाराने गतीचं सगळं काम दागिन्यांवर आणि फेट्यावर सोपवलं. हार छातीवर सरळ न पडता एका अंगाला गेला, फेट्याची मोकळी टोकं मागे झुलली आणि मधला चेहरा मात्र जागच्या जागी स्थिर राहिला. चेहऱ्याला जे शोभणार नव्हतं ते डोक्यावरच्या कापडाने केलं.

बाईचं व्यक्तिचित्र बघताना आपण डोळे बघतो, ओठ बघतो आणि डोक्यावरच्या गोष्टीला सजावट समजून सोडून देतो. मला वाटतं, निम्मं चित्र तिथेच असतं. फेटा असो, टोपी असो की पदर असो, चेहऱ्यावर उजेड किती पडणार, सावली कुठे थांबणार, बाई उंच दिसणार की वाकलेली, हे सगळं त्या वस्तूवर ठरतं. आणि ती वस्तू कशी बांधतात, कशी टाचतात, कशी ओढून घेतात हे ज्या चित्रकाराला ठाऊक असतं, त्याच्या चित्रातली बाई खरी वाटते. हे सांगायला पॅरिसच्या टोप्यांइतका चांगला विषय दुसरा नाही आणि या विषयात शिरायला अजिंठ्याइतकी चांगली वाट नाही.

सतरावं लेणं तसं आपल्या घरचंच. ओसरीतल्या शिलालेखात ते कोरवून घेणाऱ्या राजघराण्याची वंशावळ आहे. तो राजा ऋषीक देशाचा, असं अभ्यासक मानतात आणि ऋषीक म्हणजे आजचा खानदेश, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. वाकाटक सम्राट हरिषेणाचा तो मांडलिक. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला आणि त्या दुःखात राजाचं मन दानधर्माकडे वळलं, असं लेख सांगतो. म्हणजे आज जगभरचे लोक जिच्यासमोर उभे राहतात ती फेटेवाली, भावाच्या दुःखात असलेल्या खानदेशी राजाच्या खर्चाने रंगली.

रंगवण्याची रीतही बघण्यासारखी आहे. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा. त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, म्हणजे माती तडकू नये. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर चित्र. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, हे सगळं देशी. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी दगडाचा. सावळ्या चेहऱ्यावर नाकाच्या शेंड्याला, ओठाला, हनुवटीला पांढऱ्याचा एकेक स्पर्श आहे, त्याने चेहरा भिंतीतून पुढे येतो. फेट्यावरचे मोतीही त्याच पांढऱ्याचे. पुढे 1920 नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचं रोगण दिलं. रोगण कालांतराने पिवळं पडलं आणि पांढऱ्याची धार गेली. पुरातत्त्व खात्याने ते काढायला पुष्कळ वर्षं घेतली.

अजिंठ्यात खऱ्याखुऱ्या टोप्याही आहेत, त्या पहिल्या लेण्यात. छतावर परदेशी वेशातले, दाढीवाले, टोपडी घातलेले पुरुष मद्य पीत बसलेत. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने त्या टोप्या बघून ठरवलं की हा इराणचा बादशहा खुस्रो आणि त्याची शिरीन, आणि भिंतीवरच्या दरबाराच्या चित्रात चालुक्य राजा पुलकेशीकडे आलेला इराणी वकील आहे. झालं, लेण्याचा काळ सातव्या शतकात गेला. आता बहुतेक अभ्यासक ते लेणं हरिषेणाच्या काळातलं मानतात; बादशहा वगैरे कोणी नाही, व्यापाराच्या वाटेवर दिसणारी परकी माणसं चित्रकाराने छताच्या नक्षीत बसवली. टोपी बघून माणूस ओळखण्याची घाई मोठ्या विद्वानालाही शंभर-दीडशे वर्षं पुढे नेऊन सोडते.

ही चित्रं पहिल्यांदा जगापुढे नेली ती रॉबर्ट गिल याने. मद्रास फौजेतला हा अधिकारी 1844 मध्ये नेमणुकीवर आला आणि जवळजवळ वीस वर्षं नकला करत राहिला. गिल आणि पारो यांची प्रेमकहाणी महाराष्ट्राला पाठ आहे, ना. धों. महानोरांचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य तिच्यावरच उभं आहे. पण त्या कहाणीमागे चित्रकार गिल झाकला गेला, याची मला हळहळ वाटते. अंधाऱ्या लेण्यात, वटवाघळांच्या घाणीत उभं राहून त्याने भिंतीएवढे कॅनव्हास तैलरंगात उतरवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले आणि डिसेंबर 1866 च्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. गिल 1879 मध्ये गेला. त्याची कबर आपल्या भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे.

नंतर 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन हिवाळ्या-हिवाळ्याला अजिंठ्याला येऊ लागले. त्यातल्याही पुष्कळ नकला 1885 मध्ये लंडनमध्ये जळाल्या. पण या खटाटोपातून एक वेगळीच गोष्ट हाती लागली. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हा पारशी तरुण होता. त्याने अजिंठ्याच्या बाया, त्यांचे फेटे, केसांचे अंबाडे रेघेरेघेने गिरवले आणि मुंबईला परतल्यावर स्वतःच्या घरातली माणसं रंगवायला घेतली. पारशी बायका तेव्हा केसांवर पांढरा रुमाल घट्ट बांधत, माथाबाना. त्यावरून साडीचा पदर. पांढऱ्या रुमालाची बारीक कड कपाळावर दिसते आणि तिच्यापुढे चेहऱ्याचा रंग उजळतो. भिंतीवरचे मोती गिरवताना कमावलेला हात पेस्तनजींनी घरातल्या बायकांच्या चित्रांत वापरला, असं मला ती चित्रं बघताना नेहमी वाटतं.

याच वर्षांत तिकडे पॅरिसमध्ये चित्रकारांना टोप्यांनी झपाटलं होतं. त्या शहरात बरी परिस्थिती असलेली बाई टोपीशिवाय घराबाहेर पडत नसे. काडीची, नमद्याची, मखमलीची टोपी. तिच्यावर रिबिनी, रेशमी फुलं, पिसं, कधी अख्खा पक्षी. टोप्या शिवणाऱ्या आणि सजवणाऱ्या बायकांचा एक मोठा धंदाच होता. एदगार देगा या दुकानांत जाऊन बसायचा. गिऱ्हाईक आरशात बघताना, दुकानातली पोर टोपी हातात धरून अदबीने उभी असताना, तो बघत राहायचा. 1882 च्या त्याच्या एका पेस्टल चित्रात टोपी लावून बघणारी बाई म्हणजे त्याची मैत्रीण, अमेरिकन चित्रकार मेरी कसाट.

त्याचं या विषयावरचं सर्वांत मोठं चित्र शिकागोत आहे. साधारण मीटरभर उंच, त्याहून थोडं रुंद. 1879 ते 1886 च्या दरम्यान तो त्यावर अधूनमधून काम करत राहिला. चित्रात टोप्या पुढे आहेत आणि बाई मागे, कडेला ढकललेली. लाकडी खुंट्यांवर मांडलेल्या पाच-सहा टोप्या टेबलभर पसरल्यात आणि त्यांच्या आड ती एक टोपी हातात धरून निरखते आहे. तिचे ओठ आवळलेले आहेत, दातांत टाचणी धरावी असे. हातात मोजा आहे. नाजूक कापडाला घामाचा डाग पडू नये म्हणून असावा. क्ष-किरणांनी बघितल्यावर लक्षात आलं की देगाने आधी तिथे गिऱ्हाईक बाई रंगवली होती. नंतर खरडून, बदलून ती कारागीर केली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. टोपी मिरवणाऱ्या बाया हजारो चित्रांत आहेत. इथे देगाने टोपी करणारीला बसवलं, तिच्या डोक्यावर काहीच ठेवलं नाही आणि टोप्या सगळ्या टेबलावर मांडल्या.

चित्रकार रेन्वारचं बीजच शिवणकामातलं. बाप शिंपी, आई शिवणकाम करणारी, आणि तो स्वतः पोरवयात चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायच्या कारखान्यात उमेदवार. 1881 च्या त्याच्या नदीकाठच्या जेवणाच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात कुत्र्याशी खेळणारी फुलांच्या टोपीतली मुलगी आहे, ती आलिन. तीही शिवणकाम करून पोट भरायची, पुढे ती त्याची बायको झाली. काडीच्या टोपीची गंमत अशी की ती उजेड पूर्ण अडवत नाही. विणीतून झिरपलेलं ऊन कपाळावर उतरतं आणि सावली काळी न होता निळसर-जांभळी होते. रेन्वारला ते बरोबर कळलं होतं. एदुआर माने आजारी असताना, मरणाआधी दोन वर्षं, त्याने झान नावाच्या तरुणीला टोपी-छत्रीत वसंत ऋतू म्हणून रंगवलं. ते चित्र 2014 मध्ये साडेसहा कोटी डॉलरना विकलं गेलं.

पण ‘टोपीतल्या देखण्या बाया’ म्हटल्यावर पहिलं नाव यावं ते पॉल सेझार एल्यू याचं. 1859 मध्ये ब्रिटनीत जन्मलेला, 1927 मध्ये पॅरिसला गेलेला हा चित्रकार हयातीत फार गाजला, नंतर विसरला गेला. मार्सेल प्रूस्त त्याचा मित्र. प्रूस्तच्या कादंबरीतल्या एल्स्तिर या चित्रकारात एल्यूचा अंश आहे असं मानतात. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या छतावरचं नक्षत्रांचं आकाश त्याच्याच आराखड्यावरून केलेलं. त्यातली राशिचक्राची दिशा उलटी झाली, ती अजून तशीच आहे.

एल्यूचं खरं काम तांब्यावरचं. त्याला हे तंत्र तिसो या चित्रकाराने दाखवलं आणि स्वतःची हिऱ्याच्या टोकाची सुई देऊन टाकली. रीत सोपी दिसते, पण फार निर्दय आहे. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडा काढायचा. नांगराच्या तासाकडेला माती उठावी तशी ओरखड्याच्या कडेला तांब्याची बारीक कड उठते. शाई भरून पत्रा पुसला की शाई ओरखड्यात राहते आणि त्या कडेलाही धरून राहते. ओला कागद ठेवून यंत्रातून दाबला की कडेची शाई मऊ, मखमली छटा देते. ती कड नाजूक. काही डझन छापे निघाले की चेपते आणि रेघ कोरडी पडते. चुकलेली रेघ पुसायची सोय जवळजवळ नाहीच. एल्यूने असे सुमारे दोन हजार पत्रे कोरले.

त्याची रीत अशी: चेहरा चार-पाच रेघांत. नाक, पापणी, ओठांचा कोपरा, बस्स. गाल म्हणजे नुसता कोरा कागद. आणि टोपी? तिथे मात्र सुई धावत सुटते, रेघांवर रेघा, दाट मखमली काळोख. त्या काळोखामुळेच खालचा कोरा कागद गोरा, जिवंत गाल वाटायला लागतो. टोपीवर हात ठेवून ती झाका: चेहऱ्यात काहीच उरत नाही, चार रेघा उरतात. अजिंठ्याच्या चित्रकाराने गती फेट्याला दिली, एल्यूने सगळी सावली टोपीला दिली. दोघांनीही चेहरा हलका ठेवला.

त्याच्या चित्रांत सगळ्यात जास्त दिसणारी बाई त्याची बायको, आलीस. तिचं चित्र करायला तो पहिल्यांदा गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. दोन वर्षांनी, 1886 मध्ये त्यांचं लग्न झालं. एका प्रसिद्ध चित्रात ती लुव्र संग्रहालयात वातोची रेखाटनं बघते आहे. आपल्याला तिची पाठ दिसते, टोपी दिसते, खाली झुकलेली मान दिसते. चेहरा जवळजवळ नाही, तरीही ती किती मन लावून बघते आहे हे टोपीच्या कलण्यावरून कळतं.

आन्री मातीसच्या घरात तर टोपी हेच पोटापाण्याचं साधन होतं. त्याची बायको आमेली हिने 1899 मध्ये पॅरिसमध्ये टोप्यांचं दुकान काढलं. मातीसची चित्रं कोणी घेत नव्हतं त्या वर्षांत घर चाललं ते तिच्या हातावर. मातीसने 1905 मध्ये तिलाच टोपी घालून बसवलं. अवाढव्य टोपी, वर फुलाफळांचा ढीग. चेहऱ्यावर हिरवा, जांभळा, पिवळा, जसा सुचेल तसा रंग. पॅरिसच्या शरद प्रदर्शनात लोक हसले, काहींनी नखांनी रंग खरवडायचा प्रयत्न केला. वॉसेल नावाच्या समीक्षकाने त्या दालनातल्या चित्रकारांना रानटी श्वापदं म्हटलं आणि तेच नाव त्या पंथाला चिकटलं, फॉविझम. चित्र घेतलं अमेरिकन स्टाइन भावंडांनी, पाचशे फ्रँकला. आमेलीने बसताना खरं तर काळा पोशाख घातला होता, असं मातीसने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. असेलही. पण टोपी मात्र नीट बघा. एवढ्या धुमाकुळातही तिचा तोल कुठे आहे, ती कपाळावर कुठे टेकली आहे, हे चुकलेलं नाही. घरात टोप्या शिवणारी होती ना.

आता पिसांबद्दल सांगायलाच हवं. ते सोडून या चित्रांचं नुसतं कौतुक करत राहणं मला जमणार नाही. टोपीवर उभा राहणारा तो पांढरा, धुक्यासारखा पातळ तुरा बहुतेक वेळा बगळ्याचा असे. बगळ्याला ही पिसं विणीच्या हंगामातच येतात, पाठीवर आणि छातीवर. म्हणजे शिकारी नेमके घरट्यावर जायचे. मोठे पक्षी मारायचे, पिसं उपटायचे आणि पिलं घरट्यात उपाशी मरायची. अशा पिसांना वजनाच्या मानाने सोन्याहून जास्त भाव आला होता. फ्रँक चॅपमन या पक्षीअभ्यासकाने 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरून बायकांच्या सातशे टोप्या मोजल्या; त्यातल्या 542 टोप्यांवर पिसं होती, सुमारे चाळीस जातींच्या पक्ष्यांची.

या व्यापारात हिंदुस्थानही होता. इथून पक्ष्यांची पिसं आणि कातडी बोटी भरून जात. 1902 मध्ये सरकारने निर्यातीवर बंदी घातली. मग सिंधमध्ये काहींनी बगळे पाळून, जिवंत पक्ष्यांची पिसं काढून विकायचा धंदा सुरू केला. बंदी असूनही चोरटा माल जातच राहिला. ब्रिटनने आयातबंदीचा कायदा केला तो थेट 1921 मध्ये. अमेरिकेत मात्र या टोप्यांविरुद्ध उभ्या राहिल्या त्या बायकाच. बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी 1896 मध्ये ओळखीपाळखीच्या घरी जाऊन चहा घेत-घेत बायकांना पिसं सोडायला लावली आणि त्यातून पक्षीसंरक्षणाची मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पावसाळ्यात बगळे बघायला जाल तेव्हा त्यांच्या पाठीवरचा तो झिरमिरीत तुरा दुर्बिणीतून बघा. पॅरिसच्या चित्रांत जो पांढऱ्या रंगाचा एक फटकारा दिसतो, तो हाच.

आपल्याकडच्या बाईच्या डोक्यावर पदर. टोपी बाईची उंची वाढवते, पदर तिला एका रेषेत घेतो: डोकं, खांदा, पाठ. टोपीचा काठ चेहऱ्यापुढे येतो आणि डोळ्यांवर सावली टाकतो. पदर मागे राहतो, केस आणि कान झाकतो, म्हणून सगळा भार कपाळावरचं कुंकू, नथ आणि डोळे यांच्यावर येतो. कापड पातळ असेल आणि उजेड मागून असेल तर पदराची कड पेटल्यासारखी दिसते. काठाचा पदर असेल तर चेहऱ्याला आपोआप चौकट मिळते. बहिणाबाई चौधरींचा चेहरा आपण सगळे ओळखतो तो याच चौकटीतून. पदर, ठसठशीत कुंकू आणि समोर रोखलेली नजर. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव 2018 मध्ये मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती चौकट घराघरांत आहे.

पदर रंगवण्यात महादेव विश्वनाथ धुरंधरांचा हात धरणारा मला तरी दुसरा दिसत नाही. कोल्हापूरचे, 1867 चा जन्म. मुंबईच्या कलाशाळेत विद्यार्थी आणि मग शिक्षक. ऑटो रॉथफेल्ड या मुलकी अधिकाऱ्याने 1920 मध्ये हिंदुस्थानच्या स्त्रियांवर इंग्रजीत एक पुस्तक काढलं, त्यात धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रं आहेत. साहेबाचा मजकूर बाजूला ठेवा. त्यात साहेबी मतं फार आहेत. चित्रं बघा. कुठली बाई पदर उजव्या खांद्यावरून घेते, कुणाचा पदर अंबाड्यावर अडकून राहतो, कुणी तो दातांत धरलेला, कुणी कमरेला खोचून मग डोक्यावर ओढलेला. जात, गाव, धंदा, वय हे सगळं त्या एका ओढीत आहे. पदर कुठून निघतो आणि कुठे खोचला जातो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या चित्रात तो वरून ठेवलेला वाटतो. धुरंधरांच्या बाईचा पदर तिने स्वतः घेतलेला असतो.

आणि उजेडाचा विषय निघाला की खानदेशात चाळीसगावला थांबावंच लागतं. छायाचित्रकार केकी मूस तिथलेच झाले. 1912 मध्ये मुंबईत जन्म, पारशी घर, इंग्लंडला जाऊन कलेचं शिक्षण आणि मग परत आल्यावर स्टेशनाजवळच्या घरात स्वतःला जवळजवळ कोंडून घेऊन अखेरपर्यंत काम. 31 डिसेंबर 1989 ला ते गेले. ज्या घरात ते राहिले त्याला त्यांनी रेम्ब्रांटचं नाव दिलं होतं. टेबलावर रोजच्या वस्तू मांडून त्यांतून डोंगर-रानाचा देखावा उभा करून टिपण्याच्या कलेसाठी ते जगभर ओळखले गेले, पण त्यांची व्यक्तिचित्रंही तितकीच थोर आहेत.

रेम्ब्रांटचं नाव उगाच नाही. तो स्वतःला पुन्हा पुन्हा टोपी घालून रंगवायचा, कारण टोपीच्या काठाखाली डोळे अर्धे सावलीत जातात आणि बघणाऱ्याला ते शोधावे लागतात. फोटोग्राफर आजही गालावरच्या उजेडाच्या त्या छोट्या त्रिकोणाला त्याच्या नावाने ओळखतात. दिवा एका अंगाला, थोडा वर. अर्धा चेहरा उजेडात, दुसऱ्या गालावर डोळ्याखाली फक्त एक त्रिकोण. हा दिवा पदर घेतलेल्या बाईसमोर ठेवून बघा. पदराची सावली एका गालावर उतरते, नथीवर एक ठिपका चमकतो आणि बाकी सगळा अंधार. चाळीसगावच्या बंद घरात, दिव्यांच्या उजेडात मूस यांनी आयुष्यभर हेच मोजमाप केलं: किती दाखवायचं आणि किती सावलीत ठेवायचं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. धुळ्याहून रेल्वेने जाणाऱ्याला तर ते वाटेवरच. 1900 पासूनची ती शाखा चाळीसगावलाच येऊन मिळते.

खानदेशातल्या बाईच्या डोक्यावर आज नवीन काय आलं असेल तर तो स्कार्फ. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि स्कूटीवरच्या मुली सुती स्कार्फ कपाळावरून घेऊन, नाकावरून फिरवून, मानेमागे गाठ मारतात. अंगात पांढरा सनकोट, हातात मोजे. उघडे राहतात फक्त डोळे. ती गाठ मारायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एक टोक आधी दातांत धरायचं, दुसरं दोन वेढे घेऊन कानामागे खोचायचं, मग आरशात बघून कपाळावरची घडी सरळ करायची. सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की हे सगळं दिसतं. चित्रकाराला याहून अवघड आणि याहून चांगला विषय मिळणार नाही: सावली टाकायला काठ नाही, गाल नाही, ओठ नाहीत. एल्यूकडे निदान कोरा गाल होता. इथे कापडाच्या घड्या आणि दोन डोळे एवढ्यावरच मुलगी कोण, कुठे निघाली, किती दमली हे सांगायचं आहे. हे चित्र खानदेशातच व्हायला हवं आणि ते करणाऱ्याने आधी तो स्कार्फ स्वतः एकदा बांधून बघायला हवा.